घरी बसवली

जूनमध्ये गल्लीतल्या शाळेच्या रिक्षांचे भोंगे सुरू झाले, पण आमच्या दारात रिक्षा थांबली नाही. आठवडाभरात कऱ्हाडहून आत्याचा फोन आला. "मुलीच्या जातीला घरी बसवलीस म्हणे?"

मला रागावता आलं नाही. आत्याच्या काळात 'घरी बसवली' याचा अर्थ एकच होता. चौथी झाली, आता पुरे, धाकट्याला सांभाळ. तिला स्वतःलाच तसं बसवलं होतं. सहा वर्षांच्या लेकीला पहिलीत न घालता आम्ही घरीच शिकवणार, हे तिला फोनवर कसं सांगायचं? त्या वर्षभरात लोकांचे बरेच गैरसमज ऐकले. त्यांतले निम्मे माझेही होते.

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, हे बेकायदेशीर नाही का? गृहशिक्षण करणाऱ्या पालकांमध्ये जाऊन बसलात तर तितक्याच ठामपणे उलटं ऐकू येतं, की सगळं कायदेशीर आहे, बिनधास्त राहा. दोन्ही उत्तरं अर्धीच आहेत. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला बालवाडीत घातलं नाही, तर त्यात कायद्याचा संबंधच येत नाही. सहानंतर मात्र येतो. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते न पाळणाऱ्या पालकाला त्या कायद्यात शिक्षा किंवा दंड नाही. मान्यता नसलेली शाळा चालवणाऱ्याला आहे, एक लाखापर्यंत. गृहशिक्षण हा शब्द कायद्यात कुठेच नाही. परवानगी नाही, मनाई नाही, नोंदणी नाही, तपासणी नाही. 'कायदेशीर' म्हणणारे या मोकळ्या जागेलाच परवानगी समजतात. जर्मनीत राहणाऱ्या मराठी आईबापांना तेवढीही जागा नाही. तिथे शाळेत जाणं सक्तीचं आहे, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही अशा एका प्रकरणात जर्मनीच्या बाजूने निकाल दिला. अमेरिकेत पन्नासही राज्यांत मुलांना घरी शिकवता येतं.

इथे थोडं थांबतो. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रात एकाच दिवशी शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली होती, मतदानाला लावतात तशी मुलांच्या बोटांना शाई लावून. त्या मोजणीच्या हिशेबाने माझी लेक शाळाबाह्य. म्हणजे आमच्या साताऱ्याबाहेर उसाच्या फडाजवळ कोपीत राहणाऱ्या, आईबापांच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या पोराच्या रकान्यातच तिची नोंद होणार. कलम १० आहे ते त्या पोरासाठी. म्हणून 'आमचा निवडीचा हक्क' ही भाषा मी जपून वापरतो.

दुसरा गैरसमज, एकदा बाहेर पडलं की परत जाता येत नाही. येतं. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश द्यायचा असतो, आणि मागे पडलं असेल तर विशेष प्रशिक्षणही. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायलाही कायद्याने बंदी आहे. प्रत्यक्षात शाळा 'सहज गप्पा' मारतात आणि त्या गप्पांत पाढे विचारतात, ते निराळं.

"आणि दहावीचं काय?" हा प्रश्न पहिलीच्या मुलीबद्दल विचारला जातो, यातच आपला समाज आला. तरी उत्तर देतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची चौदा पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, मराठी माध्यमातूनही. राज्याचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा होतात. आणि बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म तर प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणीतरी भरलेला असतोच. वाटा आहेत, अटी मात्र त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचायच्या, शेजाऱ्याच्या भाच्याच्या आठवणीवर जायचं नाही.

माझी झोप परीक्षेपेक्षा दाखल्याने जास्त उडवली. महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला किती ठिकाणी लागतो, हे तो मिळणार नाही म्हटल्यावर कळतं. जातीचं प्रमाणपत्र असो, अधिवास असो, कारकुनाचा हात आधी त्या कागदाकडे जातो. जन्मनोंदणीच्या कायद्यात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार त्या तारखेनंतर जन्मलेल्यांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा म्हणून चालतो. आमची लेक आधीची. म्हणून पहिल्या वर्षाचं पहिलं काम गमभन नव्हतं. नगरपालिकेत जाऊन जन्मदाखल्यावर तिचं नाव नीट चढलंय का ते बघणं, आणि माझा नि माझ्या वडिलांचा, अण्णांचा, शाळेचा दाखला शोधून ठेवणं, हे होतं. अण्णांचा सापडला तो आजीच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली.

आता शिकवण्याकडे येतो. मी पहिल्याच दिवशी वेळापत्रक केलं. दहा ते अकरा मराठी, अकरा ते बारा गणित, मध्ये डब्याची सुट्टी. जुलै संपेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झालो. हिशेब नंतर सुचला. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास सांगितलेत, म्हणजे दिवसाला चार. त्यात तीस मुलांची हजेरी, वह्या, पाण्याच्या बाटल्या, रुसवेफुगवे, सगळं आलं. समोर एकच मूल असेल तर त्या चार तासांतलं बसून करायचं काम पाऊण तासात उरकतं. बाकीचा दिवस रिकामा नसतो, पण तो वेळापत्रकात मावतही नाही.

पाऊण तास पुरतो याचा अर्थ शिकवणं सोपं आहे असा नाही. "तू पदवीधर आहेस, पहिलीचं काय अवघड?" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी मराठी आकडे शिकवायला बसवू इच्छितो. पंचवीस म्हटलं की लेक ५२ लिहायची. चूक तिची नव्हती. कानावर आधी पाच पडतो, मग वीस, आणि लिहायचं मात्र उलट. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही 'एक उणे' वाली मंडळी. ती तिला समजावली, तिला आवडलीही. मग तिने विचारलं, "मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' सोबत 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विधिमंडळातही त्यावर कोट्या झाल्या. गणितज्ञ मंगला नारळीकर यांच्या समितीने तो बदल सुचवला होता, आणि मीही तेव्हा चहाच्या टपरीवर हसलो होतो. गेल्या श्रावणात आमच्या ओट्यावर खडूने 'वीस पाच' लिहिलं आणि आठ दिवसांत ५२ चं २५ झालं. पुढे तिने स्वतःच 'पंचवीस' वर उडी मारली. बी.एड. लागतं का? नाही. आपल्याला जे सहज येतं ते मुलाला का येत नाही, हे तासभर शांतपणे बघायची तयारी लागते. माझ्यात ती नव्हती, हळूहळू आली. एरवी रागावून पाटी आपटल्याचेही दिवस आहेत.

पुस्तकांचा खर्च मात्र लोक फुगवून सांगतात. परदेशी संचांच्या हजारो रुपयांच्या जाहिराती येतात. बालभारतीची पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, दुकानातही स्वस्त मिळतात, आणि नगरवाचनालयाचा बालविभाग आहेच.

"एकटी पडेल हो." याला गृहशिक्षणवाले पालक फार चटकन उत्तर देतात, की शाळेत तरी बोलू कुठे देतात? उत्तर चतुर आहे, खरं पूर्ण नाही. संध्याकाळी अंगणात दहा पोरं असतात; लगोरी, सायकली, भांडणं, सगळं चालतं. पण सकाळी अकराला गल्लीत कावळ्यांशिवाय कुणी नसतं. नोव्हेंबरात एकदा ती खिडकीत बसून गल्लीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "सगळे कधी येणार?" त्यानंतर आम्ही आठवड्यातल्या दोन सकाळी ठरवून टाकल्या. एक वाचनालयात, एक आणखी दोन घरांतल्या मुलांबरोबर अजिंक्यताऱ्यावर. आपोआप काही होत नाही, घडवून आणावं लागतं. आणि ते काम आमच्या घरी बायकोच्या वाट्याला जास्त आलं, हेही लिहून ठेवतो.

उलट दिशेचा गैरसमजही आहे, की अशी मुलं हमखास चमकतात. २०१६ मध्ये दहावी-बारावी न केलेल्या मुंबईच्या एका मुलीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. ती बातमी मला निदान दहा जणांनी पाठवली असेल. तिच्याकडे संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं होती, आणि बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंदच होतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

आणि शाळा गुपचूप करते ती कामं! फेब्रुवारीत जंताची गोळी शाळेत मिळते. सरकारी शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं. आमच्याकडे कोण येणार? गोळी मी अंगणवाडीत जाऊन मागून आणली, तिथल्या ताईंनी आधी मला आणि मग लेकीला आपादमस्तक न्याहाळलं.

मार्चमध्ये लक्षात आलं की ती पुस्तक नाकाला लावून वाचते. मला वाटलं, गोडी लागली. बायको म्हणाली, तरी दाखवून आण. डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला, मग भिंगं बदलून पुन्हा वाचायला लावला. दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला.

"फळ्यावरचं दिसत नाही, असं शाळेतल्या बाईंनी कधी कळवलं नाही?"

"ती शाळेत जात नाही. घरीच शिकते."

डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलली नाही. "घरी फळा आहे?"

चष्म्याच्या दुकानातून येताना राजवाड्याजवळ थांबून खडूचा डबा आणि चार फुटी फळा घेतला. तो हॉलच्या त्या टोकाला लावलाय. ती या टोकाला बसते.