डिस्कसच्या टाकीत नवे पाणी

जपानमध्ये नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.१ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेच पाहिजे, असा नियम आहे. माणसाला ते सुरक्षित. माशाच्या नाजूक कल्ल्यांना मात्र तोच क्लोरीन पोळतो. म्हणून तिथे घरोघरचे मत्स्यपालक सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरतात. बादलीत खडा विरघळला की क्लोरीन निष्प्रभ होतो.

तापमानाचा प्रश्न वेगळा. टोकियोत ऐन हिवाळ्यात नळाचे पाणी दहा अंशांखाली उतरते, आणि ॲमेझॉनच्या डिस्कस माशाला हवे असते अठ्ठावीसच्या आसपास. पाणी कोमट करूनच ओतावे.

खरा धोका असतो तो फार दिवस न बदललेल्या पाण्यात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. गाळणीतले जिवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. पाणी आम्लधर्मी होत गेले की हे जिवाणू मंदावतात. अमोनिया साचतो, पण आम्लात तो बहुतांश निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात राहतो. अशा टाकीत एकदम भरपूर ताजे पाणी ओतले, की सामू चढतो आणि अमोनियमचा पुन्हा विषारी अमोनिया होतो. मासे दगावतात, आणि दोष मात्र नव्या पाण्याला दिला जातो! अशा टाकीत दहावा हिस्साच बदलावा, तोही दिवसाआड.

नीगाताचे ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी पाणवनस्पतींच्या टाक्यांना कलेचा दर्जा दिला. त्या सौंदर्यामागे नियमित पाणीबदलाची शिस्त होती. गाळणीचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्याच पाण्यात तो खळबळून घ्या, म्हणजे जिवाणू जगतील.