वारा आणि रक्ताचा ताळा

आईच्या मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया नीट झाली आणि दहाव्या दिवशी तिला अचानक धाप लागली. छातीचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ होता. तरी आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांची शंका जाईना. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकली असावी. रक्त पातळ करण्याचे औषध दिले, तर ताज्या जखमेतून रक्तस्रावाची भीती. न द्यावे, तर जिवावर बेतायचे. खात्री हवी होती. सीटी अँजिओग्राफी हा नेहमीचा मार्ग, पण तिच्यातले आयोडीनयुक्त द्रव्य आईच्या थकलेल्या मूत्रपिंडांना सोसणारे नव्हते. म्हणून ठरला व्ही-क्यू स्कॅन. मी शिकलेला वैद्य नाही. तेव्हापासून वाचत गेलो, ते इथे मांडतो.

हा स्कॅन गुठळी पाहतच नाही. तो ताळा करतो. निरोगी फुफ्फुसात जिथे वारा पोचतो, तिथे रक्तही पोचते. रुग्णाला किरणोत्सारी वायू किंवा तुषार श्वासातून देतात, की वाऱ्याचा नकाशा मिळतो. मग टेक्नेशियम-99एम जोडलेले अल्ब्युमिन प्रथिनाचे काही लाख कण शिरेत सोडतात. ते फुफ्फुसातल्या अगदी थोड्या केशवाहिन्यांत काही तास अडकतात आणि विरघळतात. त्यातून रक्ताचा नकाशा मिळतो. वारा आहे पण रक्त नाही, अशी पाचरीच्या आकाराची जागा दिसली की संशय गुठळीवर. न्यूमोनियात बहुधा दोन्ही उणे असतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्री वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी 1964 साली या निदानाची वाट दाखवली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले होते.

टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मे होते, त्यामुळे साठवता येत नाही. मात्र ज्यापासून ते बनते, ते मॉलिब्डेनम निम्मे व्हायला 66 तास घेते. म्हणून मॉलिब्डेनमचा जनरेटर दूरच्या रुग्णालयात पाठवतात आणि तिथे रोज टेक्नेशियम काढून घेतात. या कामाला जगभर 'दूध काढणे' म्हणतात!

मर्यादाही आहे. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या पायोपेड अभ्यासात दिसले, की स्वच्छ स्कॅन गुठळी जवळजवळ नाकारतो, ठळक तफावत तिची बऱ्यापैकी ग्वाही देते. पण बहुसंख्य रुग्ण या दोहोंच्या मधेच राहतात.

आईच्या उजव्या फुफ्फुसात तळाशी वारा होता, रक्त नव्हते. त्याच संध्याकाळी औषध सुरू झाले. आज ती काठी टेकत अंगणात येते. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घ अंथरुणानंतर एकाएकी धाप लागली, तर एक्स-रे स्वच्छ आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नये, एवढेच सांगायचे होते.