नवा ट्रॅक्टर रुळवताना

गळीत हंगामाच्या तोंडावर अंबड-घनसावंगी भागात नवे ट्रॅक्टर येतात, अन् पूजेचा नारळ वाळायच्या आत त्यांना उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या लागतात. नव्या गोऱ्ह्याला आपण असं जुंपतो का?

इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा लायनरला घासून बसायच्या असतात. म्हणून पहिले ५० तास हलकी कामं घ्यावीत : कुळवाची पाळी, एखादी अर्धी ट्रॉली. फुल रेस नको. मात्र उभ्या जागी तासन् तास नुसतं चालू ठेवणंही वाईट. रिंगा बसत नाहीत, इंजिन ऑईल पितं, निळा धूर सोडतं, अन् बँकेचे हप्ते फिटायच्या आत ते खोलावं लागतं.

बहुतेक कंपन्या ५० तासांच्या सुमारास पहिलं ऑईल-फिल्टर बदलायला सांगतात. घासलेल्या धातूचा कीस त्यात उतरलेला असतो. आपल्या गाडीची पुस्तिका पाहावी. तास मीटरवर मोजावेत, ड्रायव्हरच्या अंदाजावर आम्ही तरी सोडणार नाही.