दक्षिणेची सफर : कार्व्हर यांच्या टस्कीगीत

मागच्या भागात आपण माँटगोमेरीपर्यंत आलो होतो. तिथून पूर्वेला, अटलांटाकडे जाणाऱ्या महामार्गावर साठ-पासष्ट किलोमीटर गेलं की टस्कीगीचा फाटा लागतो. अलाबामात येणारे पुष्कळ पर्यटक हंट्सव्हिलला सॅटर्न रॉकेट बघतात, दक्षिणेच्या किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत दोन दिवस काढतात आणि परततात. मराठी वाचकाने मात्र हा फाटा चुकवू नये. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ हे चरित्र १९८१ साली आलं, आणि तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी घरांत या लहानशा गावाचं नाव पोचलेलं आहे.

टस्कीगी विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. संग्रहालयाचे वार आणि वेळा तेवढ्या आधी पाहून घ्याव्यात. आत शिरल्यावर थेट संग्रहालय गाठू नका. आधी जुन्या इमारतींच्या विटा बघा. ४ जुलै १८८१ रोजी इथे कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू झाली. मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन तेव्हा पंचविशीचे होते, जन्माने गुलाम. इमारत बांधायची तर विटा हव्यात, आणि गावात वीटभट्टी नाही. विद्यार्थ्यांनी स्वतःच भट्टी लावली. ती फसली. दुसरी फसली, तिसरीही. चौथीसाठी पैसे उरले नव्हते, तेव्हा वॉशिंग्टन यांनी माँटगोमेरीत जाऊन आपलं घड्याळ पंधरा डॉलरला गहाण टाकलं. ती भट्टी साधली. घड्याळ मात्र सुटलं नाही. पुढे गावातले गोरे लोकसुद्धा या शाळेकडून विटा नेऊ लागले. वॉशिंग्टन यांचं ‘द ओक्स’ हे घर आणि इथल्या अनेक इमारती रॉबर्ट टेलर यांनी आखल्या. एमआयटीतून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर इथे आले १८९६ मध्ये, आयोवातलं शिक्षण संपवून. १९४३ मध्ये इथेच वारले. त्यांची कबर वॉशिंग्टन यांच्या शेजारी आहे. कार्व्हर यांच्या नावाचं संग्रहालय शाळेच्या जुन्या धुलाईघरात आहे. तिथे लागलेल्या १९४७ च्या आगीत त्यांची बरीच चित्रं जळाली. ही हानी मोठी, कारण कार्व्हर आधी चित्रकार होते आणि मग शेतीकडे वळले. अलाबामाच्या मातीतून त्यांनी रंगही काढले.

भुईमुगापासून तीनशे पदार्थ करणारे कार्व्हर आपल्याला पाठ असतात. मला त्या तीनशे पदार्थांपेक्षा एक गाडी मोठी वाटते. १९०६ मध्ये कार्व्हर यांच्या कल्पनेतून, न्यूयॉर्कच्या मॉरिस जेसप यांच्या पैशातून ‘जेसप वॅगन’ तयार झाली. जनावरं जुंपलेली, नांगर, अवजारं आणि बियाणं भरलेली ही चालती शाळा थॉमस कॅम्पबेल खेडोपाडी नेत. शाळेपर्यंत येऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याच्याच रानात नांगरून दाखवायचं, ही ती कल्पना.

आणि दाखवायचं काय, तर कापसावर कापूस घेऊ नका. कपाशीने जमिनीतलं नत्र ओढून घेतलं होतं. चवळी, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. त्यांचा बेवड चांगला. खत विकत घ्यायची ऐपत नसेल तर दलदलीतला गाळ आणि रानातला पाला वापरा. सल्ला सोपा होता, अमलात आणणं सोपं नव्हतं. इथला बहुतेक कृष्णवर्णीय शेतकरी बटईने जमीन कसायचा. मालक आणि दुकानदार उधारी द्यायचे ती येणाऱ्या कापसावर. चवळी-भुईमूग लावणाऱ्याला उधार कोण देणार? कार्व्हर यांनी शेतकऱ्यांसाठी लिहिलेली पुस्तिका वाचून त्याला पटलं, तरी पेरायचं काय हे ठरवणं शेतकऱ्याच्या हातात नसे. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात कपाशी आणि सावकार यांची गाठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

टस्कीगीत आणखी दोन गोष्टी बघायच्या आहेत. मोटन फील्डवर दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं प्रशिक्षण झालं. जवळपास हजार वैमानिक या टस्कीगी कार्यक्रमातून तयार झाले. तिथले हँगर बघायला तास-दीड तास पुरतो. दुसरी गोष्ट बघायला जड जाते. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं अमेरिकी सरकारच्या आरोग्यसेवेने याच परिसरातल्या सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. या माणसांचा खटला लढवणारे फ्रेड ग्रे हे नागरी हक्क चळवळीतल्या रोझा पार्क्स यांचेही वकील होते. गावातल्या इतिहास केंद्रात या पुरुषांची स्मृती जपलेली आहे. तिथे न जाता टस्कीगी पाहिलं असं म्हणू नये.

मग गाडी दक्षिणेला वळवा. दीड-दोन तासांवर एंटरप्राइज नावाचं गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध एक स्त्री दोन्ही हात उंच करून उभी आहे, आणि तिच्या हातांवर मोठा काळा कीडा आहे. हा कपाशीच्या बोंडात अंडी घालणारा सोंडवाला भुंगेरा, बोल वीव्हिल. मेक्सिकोतून टेक्सासमार्गे सरकत तो १९१५ च्या सुमारास इथे पोचला आणि त्याने कपाशी साफ केली. कापूसच राहिला नाही, तेव्हा कापसावर उधारी देणाऱ्यांनाही भुईमुगाचा विचार करावा लागला. दोन-चार हंगामांत तालुक्याचं नशीब पालटलं, आणि डिसेंबर १९१९ मध्ये गावकऱ्यांनी या किडीचं स्मारक उभारलं. भुंगेरा मूर्तीच्या हातांवर आला तो मात्र तीस वर्षांनी, १९४९ मध्ये. आज रस्त्यावर दिसते ती प्रतिकृती आहे. मोडतोड झाल्यावर मूळ मूर्ती हलवावी लागली.

म्हणून इथला भुईमूग एकट्या कार्व्हर यांनी आणला, असं मी म्हणणार नाही. किडीने कापसाची मिठी सोडवली. त्या वेळी पर्यायी पिकाची माहिती, लागवडीची रीत आणि त्याचे पदार्थ लिहून तयार होते, ते टस्कीगीच्या पुस्तिकांत. कार्व्हर यांची भुईमुगावरची गाजलेली पुस्तिका १९१६ ची.

शक्य असेल तर ही सफर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आखा. उन्हाळ्यातली दमट काहिली टळते, आणि एंटरप्राइजपासून जवळच असलेल्या डोथन शहरात तेव्हा भुईमुगाचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. १९३८ च्या पहिल्या महोत्सवात पाहुणे वक्ते म्हणून कार्व्हर आले होते.