स्ट्रासबुर्गचे ‘रेलात्सिओन’ : जर्मन वृत्तपत्राच्या आरंभाचा प्रश्न

वृत्तपत्राचा इतिहास लिहू लागताच पहिले वृत्तपत्र कोणते, हा प्रश्न उभा राहतो. आणि उपलब्ध अंकांत जो सर्वांत जुना तोच पहिला, असे गृहीत धरण्याचा मोह होतो. स्ट्रासबुर्ग येथील ‘रेलात्सिओन’ (म्हणजे ‘वृत्तांत’) या जर्मन साप्ताहिकाचा इतिहास हे गृहीत किती निसरडे आहे ते दाखवितो.

सतराव्या शतकाच्या आरंभी स्ट्रासबुर्ग हे पवित्र रोमन साम्राज्यातील स्वायत्त जर्मनभाषी नगर होते. फ्रान्सच्या ताब्यात ते १६८१ मध्ये गेले. तेथे योहान कारोलुस (१५७५–१६३४) हा पुस्तकबांधणी व पुस्तकविक्री करी. त्याबरोबरच, दर आठवड्याच्या टपालाने येणाऱ्या बातमीपत्रांच्या हस्तलिखित नकला तो वार्षिक वर्गणी घेऊन काही मोजक्या धनिकांस पुरवी. पुढे टोबियास योबिन याच्या मृत्यूनंतर त्याचे मुद्रणालय कारोलुसने विकत घेतले आणि १६०५ मध्ये नकला करण्याऐवजी तो मजकूर छापण्यास प्रारंभ केला.

याचा पुरावा कोणत्याही अंकात नाही. तो आहे एका अर्जात. १६०५ च्या अखेरीस कारोलुसने नगरपरिषदेकडे विनंती केली की, आपल्या छापील बातमीपत्रांची इतरांनी पुनर्मुद्रणे करू नयेत, असा मनाईहुकूम द्यावा. हाताने नकला करण्यात फार वेळ जातो, मुद्रणालयासाठी मोठा खर्च झाला आहे आणि आतापर्यंत बारा वेळा छपाई केली आहे, असे त्याने त्यात नमूद केले. परिषदेने विनंती फेटाळली. परंतु फेटाळलेला अर्ज दप्तरात राहिला. त्यातील ‘बारा वेळा’ हा उल्लेख आज इतिहासकारास मोलाचा वाटतो.

हा अर्ज अभ्यासकांपुढे येण्यापूर्वी १६०९ हेच वृत्तपत्राचे जन्मवर्ष मानले जाई. कारण ‘रेलात्सिओन’चे उपलब्ध अंक त्या वर्षापासूनचे आहेत. त्या वर्षीचे सर्व बावन्न अंक हाइडेलबेर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरक्षित आहेत. वोल्फेनब्यूटेलच्या ‘आविसो’चे अंकही त्याच वर्षापासूनचे असल्याने ही दोन पत्रे जुळी भावंडे मानली गेली. वस्तुतः १६०९ च्या संचाच्या प्रस्तावनेत कारोलुस, हे काम काही वर्षे चालत आले आहे, असे स्वतःच सांगतो. पुरावा डोळ्यांसमोर होता. त्याला दुजोरा देणारे कागद मात्र दप्तरात पडून होते. २००५ मध्ये जागतिक वृत्तपत्र-संघटनेनेही १६०५ हे वर्ष मान्य केले.

मग कारोलुसने नवे असे काय केले? वृत्तपत्राचे चार निकष जर्मन अभ्यासकांनी सांगितले आहेत : नियतकालिकता, ताजेपणा, विषयांची विविधता आणि सर्वांसाठी उपलब्धता. यांपैकी पहिले तीन त्याच्या हस्तलिखित पत्रांतही होते. मुद्रणाने भर पडली ती चौथ्याची. त्याला नवा वाङ्मयप्रकार निर्माण करावयाचा नव्हता. नकला करण्याचा वेळ वाचवावयाचा होता.

अंकांचे स्वरूप हेच सांगते. त्यांत बातम्यांना मथळे नाहीत, संपादकीय मत नाही. कोलोनहून, रोमहून, व्हेनिसहून, प्रागहून, अमुक तारखेस, अशी पत्राच्या उगमाची ओळ हीच मथळ्याचे काम करते. स्ट्रासबुर्गमधील घडामोडी जवळजवळ नाहीतच. त्या गावात तोंडी कळतच, शिवाय त्यांवर परिषदेची नजर असे. उलट १६०९ मध्ये व्हेनिसहून आलेल्या पत्रात गॅलिलिओच्या दुर्बिणीची वार्ता आहे. एका नगराचे हे पत्र त्या नगराविषयी मौन पाळते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

भाषाभ्यासकाने येथे सावध राहिले पाहिजे. या गद्याला निश्चित तिथी आहे म्हणून ते मौल्यवान. पण ते सरसकट स्ट्रासबुर्गच्या बोलीचा नमुना म्हणून वापरता येणार नाही. दरबारी व व्यापारी पत्रव्यवहाराची लांब, पोटवाक्यांनी लादलेली वाक्ये आणि लॅटिन-इटालियन शब्द मूळ पत्रांबरोबर आत आले आहेत. अपरिचित स्थळनामे व व्यक्तिनामे यांतील चुका वाचकाने सुधारून घ्याव्यात, कारण काम रात्री घाईने उरकावे लागते, अशी विनंती कारोलुसनेच प्रस्तावनेत केली आहे. संशोधकाने ती अक्षरशः पाळावी.

त्या काळी ‘त्साइटुंग’ या शब्दाचा अर्थ ‘बातमी’ एवढाच होता. १६५० मध्ये लाइपत्सिग येथे टिमोथेउस रिट्श याने काढलेल्या दैनिकाच्या नावाचा अर्थही ‘येणाऱ्या बातम्या’ असाच आहे. बातमीवाचक शब्द ती वाहून आणणाऱ्या कागदास लागू झाला तो पुढे. पेशवेकालीन पत्रांतील ‘वर्तमान’ म्हणजे बातमी. तिला ‘पत्र’ जोडून मराठीने हा भेद शब्दातच राखला, जर्मनने तो पुसून टाकला.

तात्पर्य, ‘सर्वांत जुना उपलब्ध’ आणि ‘सर्वांत जुना’ या दोन विधानांत अंतर ठेवणे, हा या प्रकरणाचा धडा होय. वृत्तपत्र हे वाचून टाकून देण्यासाठीच असते. त्याचे आरंभीचे अंक नाहीसे व्हावेत यात नवल नाही. अशा वेळी लेखनाचा इतिहास अनेकदा लेखनात न सापडता अर्जांत, हिशेबांत आणि नकारांत सापडतो.