हाताची सवय? लागू द्या की!

वाडीत बाळंतिणीच्या घरी एक सल्ला हमखास ऐकू येतो, 'रडलं की लगेच उचलू नको गं, हाताची सवय लागेल.' सांगणारीचा हेतू चांगलाच असतो. पण तान्ह्या बाळाला हा सल्ला मानवत नाही. बाळ कमी दिवसांचे असेल, तर तो जिवावरही बेतू शकतो.

नवजात बाळाला थंडी वाजली तरी मोठ्या माणसासारखे कुडकुडता येत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त आणि त्वचेखालची चरबी कमी. अडीच किलोच्या आतले बाळ भराभर गार पडते. मग ऊब टिकवण्यातच त्याची साखर खर्च होते आणि दूध ओढायची ताकद उरत नाही. हे फक्त डिसेंबरातच होते असेही नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना, अंघोळीनंतर कूलरसमोर ठेवलेले बाळही गार पडते.

यावरचा उपाय आईच्या छातीवर आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, जंतुसंसर्ग वाढत होता. तेव्हा डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी कमी वजनाची बाळे थेट आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. बरीच वर्षे तिच्याकडे गरिबांची सोय म्हणूनच पाहिले गेले, आणि ते चुकीचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत ३,२११ बाळांवर अभ्यास केला. भारतातले केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. ही बाळे एक ते १.८ किलोच्या आतली होती. प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मताच छातीशी घेतलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू शंभरी १२ होते. स्थिरावल्यावर घेतलेल्यांत १५.७. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षात, बाळाजवळ न्यावी लागली. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी आई एका वॉर्डात आणि बाळ काचेपलीकडे असते.

बाळाला ऊब देण्याचे मोल विदर्भाला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्यात बाळ उबदार ठेवणेही होते. आज आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यामागे हेच काम आहे.

पद्धत अवघड नाही. टोपी, मोजे आणि लंगोट एवढेच घालून बाळ दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरायचे. मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वासाला अडथळा नाही. वरून ओढणी किंवा साडीने घट्ट बांधायचे. आईने थोडे मागे रेलून बसावे. एका वेळी निदान तासभर. दिवसात आठ तासांच्या पुढे जितके जमेल तितके. आई थकली की बाबांनी शर्ट काढावा. छाती त्यांचीही तितकीच उबदार असते.

आणि पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाचे काय? १९८६ मध्ये माँट्रियलच्या डॉक्टरांनी आयांना बाळ रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितले, तेही रडत नसताना. सहाव्या आठवड्यात ती बाळे इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. सवयीची भीती घालणाऱ्या आजीला हा आकडा जरूर सांगावा.

छातीशी धरूनही तळपाय आणि पोट गारच राहिले, बाळ दूध ओढेनासे झाले किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला, तर घरी थांबू नये. डागा असो वा मेडिकल, बाळाला छातीशी बांधूनच न्यावे.