वाऱ्यात मोटारसायकल कशी उभी करावी?

पाटण तालुक्यात सडावाघापूर नावाचे गाव आहे. पावसाळ्यात तेथे एक नवल दिसते. कड्यावरून पडणारे पाणी वाऱ्याच्या जोराने उलटे वर उडते. लोक त्याला उलटा धबधबा म्हणतात. तो पाहायला माणसे मोटारसायकलवरून जातात. आता विचार करा. जो वारा पडते पाणी वर उचलतो, तो उभ्या गाडीला सोडील काय?

वाऱ्याच्या जागा आपल्याकडे पुष्कळ. साताऱ्याजवळचे चाळकेवाडीचे पठार, पाटणकडचे वनकुसवडे, सांगली जिल्ह्यातले ढालगाव. तेथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या वारा आहे म्हणूनच.

कोणी म्हणेल, "शंभर-सव्वाशे किलोची गाडी, वाऱ्यानं काय पडतीय!" पण वाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात जी गाडी हलत नाही, तिला ताशी ६० किलोमीटरचा वारा चौपट जोराने ढकलतो. गाडी पडली तर आरसा, हँडल, ब्रेकचा दांडा मोडतो. पेट्रोल सांडते. शेजारी खेळणारे मूल गाडीखाली सापडले, तर ते नुकसान पैशाने भरून येत नाही. म्हणून गाडी लावताना दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

घरातले सूप घेऊन वाऱ्यात उभे राहा. सूप वाऱ्यासमोर आडवे धरा. हाताला केवढा रेटा लागतो! आता सुपाची कड वाऱ्याकडे करा. रेटा एकदम कमी होतो. गाडीचेही तसेच आहे. तिची बाजू रुंद, तोंड अरुंद. म्हणून गाडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे.

आता स्टँडचे पाहू. साइड स्टँड गाडीच्या डाव्या अंगाला असतो. गाडी डावीकडे कलते आणि दोन चाके व स्टँड अशा तीन जागी टेकते. वारा डावीकडून आला, तर तो कललेल्या गाडीला सरळ करतो आणि मग उजवीकडे पाडतो. तिकडे आधार काहीच नसतो. वारा उजवीकडून आला, तर तो गाडीला स्टँडवरच दाबतो. म्हणून तोंड वाऱ्याकडे करून गाडी किंचित डावीकडे वळवावी. वारा समोरून आणि थोडा उजव्या अंगाने लागेल. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येत असेल, तर गाडीचे तोंड नैऋत्येला करावे. दिशा कळत नसेल, तर चिमूटभर माती सोडून पाहावी.

मधल्या स्टँडवर, म्हणजे डबल स्टँडवर, गाडी सरळ उभी राहते. घरात ते बरे. पण उघड्यावर बाजूने वारा आला तर ती कोणत्याही अंगाला पडू शकते. जोराच्या वाऱ्यात साइड स्टँडच बरा.

गाडी बंद करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ती मागे सरकणार नाही. उतारावर तोंड चढाकडे असावे. हँडल डावीकडे वळवून कुलूप लावावे. काळ्या रानात किंवा ओल्या मातीत स्टँड रुततो. त्याखाली चपटा दगड किंवा फळी घालावी.

गाडीवर ताडपत्री घालून ती मोकळी सोडू नये. ती शिडासारखी फुगते आणि गाडीला ओढते. दुधाच्या कॅन असतील तर एकाने गाडी धरावी व दुसऱ्याने त्या उतरवाव्यात.

उन्हाळ्यातला वळीव निराळा. ढगातून थंड वारा खाली कोसळतो आणि जमिनीवर चहूकडे पसरतो. त्याची दिशा क्षणात बदलते. तेव्हा पक्क्या भिंतीच्या आडोशाला गाडी लावावी. झाडाखाली, जाहिरातीच्या फलकाखाली किंवा सुट्या पत्र्याच्या शेडखाली लावू नये. मोकळ्यावरच राहावे लागले तर गाडीचा सांगाडा डाव्या बाजूच्या मजबूत खांबाला दोरीने बांधावा. डावीकडे स्टँड आणि उजवीकडे पडू न देणारी दोरी, असे दोन्ही बाजूंचे काम होते.

गाडी पडलीच तर आधी चावी बंद करावी. पेट्रोल सांडले असेल तर विडी-काडी दूर ठेवावी. तापलेल्या सायलेन्सरला हात लावू नये. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडावा. नाहीतर गाडी उचलल्यावर दुसऱ्या अंगाला जाईल. पाठ वाकवून नव्हे, तर गुडघे वाकवून पायांच्या जोरावर उचलावी.

विम्याचेही बघावे. सक्तीचा थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीपुरता असतो. वादळाने मोडलेल्या आपल्या गाडीची भरपाई त्यात मिळत नाही. त्यासाठी आपल्या गाडीचाही विमा लागतो. आता आपल्याला वाचता येते. मग विम्याचा कागद पेटीत ठेवण्याआधी स्वतः वाचावा.

ध्यानात ठेवा: तोंड वाऱ्याकडे, गाडी गिअरमध्ये, स्टँडखाली दगड. आणि गाडी सोडून जाण्याआधी हाताने एकदा हलवून पाहा. हाताने डुगडुगली, तर ती वाऱ्यात टिकणार नाही.